ओट्याच्या वर आणि खाली : स्वयंपाकघरातील जुनी कपाटे पुन्हा रंगवण्याविषयी

घरातल्या सगळ्या लाकूडकामात स्वयंपाकघरातली कपाटे सर्वांत जास्त हाताळली जातात. बैठकीच्या खोलीतले कपाट दिवसातून दोन-चार वेळा उघडते. मसाल्याच्या डब्यांपुढचे दार एका वेळच्या स्वयंपाकात तेवढ्या वेळा उघडते. त्याला वाफ लागते, फोडणीचे तेल उडते, ओले हात आणि पिठाचे हात लागतात, ओटा धुताना वरून पाणी ओघळते. म्हणून सांगाडा धडधाकट असताना त्याचा रंग आधी थकतो. आतले लाकूड शाबूत, जोड घट्ट, पण पृष्ठभाग पिवळट, चिकट आणि कडांना टवके उडालेला, अशा अवस्थेतली कपाटे हा पुनर्रंगकामाचा खरा विषय आहे. ती मोडून नवी करणे खर्चाचे असते. शिवाय त्यात चांगले लाकूड वाया जाते. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या सागवानी चौकटीच्या तोडीचे लाकूड आज त्या पैशांत मिळत नाही.

महाराष्ट्रातल्या घरांत अशी बांधीव कपाटे तशी अलीकडची. चूल जमिनीवर होती आणि स्वयंपाक पाटावर बसून होत असे, तोवर भांडी मांडणीवर, डबे भिंतीतल्या फडताळात आणि दूधदुभते शिंकाळ्यात असे. उभ्याने स्वयंपाक करण्यासाठी ओटा आला, तेव्हा त्याच्या खाली कडप्प्याच्या फरश्या उभ्या-आडव्या बसवून कप्पे झाले. त्या कप्प्यांपुढे आधी कापडी पडदा असे, मग लाकडी चौकट आणि दारे आली. पुढे ओट्याच्या वरच्या भिंतीवर प्लायवूडची कपाटे चढली, त्यांवर सनमायका आला, खाली स्टीलच्या ट्रॉल्या सरकू लागल्या आणि शेवटी कारखान्यात तयार झालेली मॉड्युलर कपाटे आली. नव्याने जुन्याला पूर्णपणे क्वचितच हटवले. त्यामुळे एकाच स्वयंपाकघरात कडप्प्याचे कप्पे, सागवानी चौकट, प्लायची दारे, पत्र्याची ट्रॉली आणि सिंकखाली नंतर बसवलेला एमडीएफचा तुकडा असे सगळे एकत्र सापडते. रंगकामाच्या बहुतेक सूचना संपूर्ण कपाट एकाच लाकडाचे आहे असे गृहीत धरून लिहिलेल्या असतात. इथल्या कपाटांना त्या जशाच्या तशा लागू पडत नाहीत.

बांधीव स्वयंपाकघराची कल्पना ज्या रूपात जगभर पसरली, त्यात रंगाचा विचार पहिल्यापासून होता. ऑस्ट्रियन वास्तुविशारद मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की यांनी १९२६ मध्ये फ्रँकफर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी आखलेले स्वयंपाकघर सुमारे १०,००० घरांत बसवले गेले. त्याची कपाटे निळसर हिरव्या रंगाची होती, कारण माश्या निळ्या पृष्ठभागावर बसत नाहीत असा तेव्हाचा समज होता. पिठाचे खण मात्र ओकच्या लाकडाचे केले होते, कारण त्यात किडे कमी होतात असे मानले जाई. कामाची फळी बीचची, डाग आणि सुरीचे घाव सोसणारी. प्रत्येक भागाला कोणता त्रास होणार आहे ते पाहून त्याचा पदार्थ आणि त्याचे आवरण ठरवण्याची ही रीत आजही सर्वांत भरवशाची आहे. जुनी कपाटे रंगवायला घेतानाही विचार इथूनच सुरू व्हायला हवा.

स्वयंपाकघरातला सर्वांत मोठा त्रास तेलाचा. कढईतून उडालेले तेलाचे बारीक कण हवेत तरंगतात आणि थंड पृष्ठभागावर बसतात. वरच्या कपाटांचे माथे, दारांच्या वरच्या कडा आणि शेगडीच्या बाजूच्या फळ्या यांवर तेलाचा पातळ थर साचतो. हा थर साधा ओशट राहत नाही. काही वनस्पतितेले हवेतला ऑक्सिजन शोषून घेतात, त्यांचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि तेल हळूहळू घट्ट होते. आधी ते चिकट होते, त्यावर धूळ बसते, आणि काही महिन्यांत पिवळट तपकिरी, नखाने खरवडावे लागेल असे कवच तयार होते. करडई, सूर्यफूल आणि सोयाबीनची तेले या बाबतीत तत्पर. शेंगदाण्याचे तेल बरेच मंद. खोबरेल जवळजवळ घट्ट होतच नाही, ते ओशटच राहते. कोकणातल्या आणि सोलापूरकडच्या स्वयंपाकघरांतला हा थर हाताला वेगवेगळा का लागतो, याचे एक कारण हे आहे.

यातली विलक्षण गोष्ट अशी की ऑइल पेंट ज्या क्रियेने वाळतो ती हीच क्रिया आहे. विदर्भात पिकत आलेल्या जवसाचे तेल शतकानुशतके रंगांचा आधार होते, आणि करडईचे तेल पांढऱ्या रंगांत मुद्दाम वापरले जाई, कारण जवसाच्या मानाने ते कमी पिवळे पडते. म्हणजे शेगडीशेजारच्या दारावरचे मेणचट कवच हा एका अर्थाने कोणी न लावलेला रंगाचा हातच असतो. फक्त तो कच्चा, मऊ आणि धुळीने भरलेला असतो. त्याच्यावर कितीही उत्तम रंग लावला तरी तो लाकडाला चिकटत नाही, त्या कवचाला चिकटतो, आणि कवचाबरोबर सुटतो. स्वयंपाकघरातले रंगकाम फसण्याचे सर्वांत सामान्य कारण एवढेच आहे. रंग निकृष्ट होता, रंगाऱ्याने पातळ केला, हवामान वाईट होते, ही कारणे त्याच्यामागून येतात.

काम हाती घेण्यापूर्वी कपाट कशाचे आहे ते ओळखावे लागते. सागवान रंगाला चांगले असले तरी त्याच्या अंगात नैसर्गिक तेलकट द्रव्ये असतात. ती तेलरंग वाळण्याची क्रिया मंदावतात आणि फिकट रंगातून तपकिरी डाग होऊन वरही येतात. म्हणून घासून उघड्या पडलेल्या सागवानावर थिनरचे फडके फिरवून लगेच अस्तराचा हात द्यायचा असतो. प्लायवूडच्या बाबतीत पाहायचे ते थरांकडे. भारतीय मानकांनुसार आयएस ३०३ हे सर्वसाधारण वापराचे प्लाय आणि आयएस ७१० हे पाण्याला टिकणारे मरीन प्लाय. जुन्या कपाटाच्या आतल्या बाजूला कधीकधी हा शिक्का अजून वाचता येतो. सिंकखालचे साधे प्लाय बोटाने दाबले असता मऊ लागले किंवा त्याचे थर सुटलेले दिसले, तर तेवढा भाग बदलणे हाच उपाय. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड एकदा पाण्याने फुगले की पुन्हा मूळ जाडीवर येत नाहीत. फुगलेली कड घासून सपाट करता येते, पण पुढच्या पावसाळ्यात ती परत तोंड वर काढते.

सनमायक्याचा प्रश्न वेगळा आहे. कागदाचे थर राळेत भिजवून, दाब आणि उष्णता देऊन केलेल्या या पत्र्याचा वरचा थर मेलामाइनचा असतो. तो टणक असतो आणि त्यावर डाग पडत नाहीत. पण ज्यावर डाग बसत नाही त्यावर रंगही सहजी बसत नाही. असा पृष्ठभाग रंगवता येतो, मात्र त्यासाठी त्याची चमक काचकागदाने पूर्णपणे मारावी लागते आणि गुळगुळीत पृष्ठभागावर पकड धरणारे खास अस्तर लागते. सनमायका कडांपाशी उचकटलेला असेल तर आधी तो चिकटवून दाबून घ्यायला हवा. न दिसणाऱ्या जागी तळहाताएवढा भाग अस्तर-रंगासह करून आठवडाभर ठेवावा, मग त्यावर ब्लेडने उभ्या-आडव्या बारीक रेघा मारून, चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्याने ओढावी. रंगाचे चौकोन पट्टीबरोबर निघाले तर ती पद्धत तिथेच सोडून द्यावी. मॉड्युलर दारांवर उष्णतेने बसवलेला पीव्हीसीचा पापुद्रा असेल आणि तो शेगडीच्या धगीने सुटू लागला असेल, तर तो संपूर्ण काढून खालच्या एमडीएफला नव्याने अस्तर देणे श्रेयस्कर. पत्र्याच्या ट्रॉलीला गंज काढून धातूचा प्रायमर लागतो. लाकडाचा चालत नाही. स्टेनलेस स्टीलचे भाग तर रंगवूच नयेत.

वाळवी आणि लाकूड पोखरणारे किडे यांचा शोध याच टप्प्यावर घ्यायचा असतो. कपाटाच्या तळाशी मातीच्या रेघा, लाकडावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे, फळीवर पिठासारखा भुसा, ठोकल्यावर पोकळ आवाज, ही त्यांची लक्षणे. रंगाने किडीचा बंदोबस्त होत नाही, ती फक्त झाकली जाते, आणि झाकलेली कीड शेजारच्या चौकटीत शिरते.

आणखी एक तपासणी आरोग्यासाठी आवश्यक आहे आणि ती बहुधा टाळली जाते. जुन्या एनॅमल रंगांत शिसे असे. पिवळ्या, नारिंगी, लाल आणि हिरव्या छटांमध्ये ते रंगद्रव्य म्हणून येई, इतर रंगांत वाळवण जलद करणारे द्रव्य म्हणून. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये अधिसूचित झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या प्रत्येक ऑइल पेंटबद्दल शंका घेणेच योग्य. शाबूत थरातले शिसे फारसे त्रास देत नाही. कोरडे घासले की त्याची बारीक पूड होते, ती पोळपाटावर, डब्यांवर, रांगत्या बाळाच्या हातांवर बसते. शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी मुलांच्या बाबतीत ज्ञात नाही आणि त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. म्हणून जुने रंग घासताना वॉटर पेपर वापरून ओलेच घासावेत, निघालेला चिखल फडक्याने पुसून पिशवीत बांधावा, गर्भवती स्त्री आणि लहान मुले यांना त्या दिवसांत घराबाहेर ठेवावे, आणि ब्लो लॅम्पने जुना रंग जाळून काढण्याची सवय पूर्ण बंद व्हावी. ही खबरदारी घरच्यांइतकीच रंगाऱ्यासाठीही आहे. तो ही पूड वर्षभर, घराघरांत श्वासात घेत असतो.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात दारे उतरवण्यापासून होते. बिजागऱ्या, मुठी, कड्या आणि चुंबक काढून दारे आडवी मांडली की रंग ओघळत नाही आणि कडाही नीट रंगतात. जागच्या जागी, बिजागऱ्यांसकट रंगवलेली दारे ओळखू येतात: बिजागरीत रंग भरून ती कचकचते आणि तिच्या सांध्यापासून टवके सुटू लागतात. प्रत्येक दाराच्या बिजागरीच्या खाचेत, जिथे रंग जाणार नाही तिथे, क्रमांक लिहून ठेवावा. जुनी दारे बाहेरून सारखी दिसली तरी प्रत्येक आपापल्या चौकटीत वर्षानुवर्षे घासून बसलेले असते. डावीकडचे उजवीकडे लागत नाही.

नंतरची पायरी धुण्याची, आणि सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ तिला द्यायला हवा. वर सांगितलेले तेलाचे कवच साध्या साबणाने निघत नाही. त्याला धुण्याचा सोडा लागतो. कोमट पाण्यात विरघळवलेला सोडा अल्कधर्मी असतो. तो तेलाच्या थराशी संयोग पावून त्याचा साबण बनवतो आणि तो साबण पाण्याबरोबर निघून जातो. द्रावण लावून काही मिनिटे थांबावे, मग नारळाच्या काथ्याने किंवा नायलॉनच्या घासणीने खालून वर घासावे, कारण वरून ओघळलेल्या मळकट पाण्याचे पट्टे कोरड्या भागावर उमटतात. हातमोजे घालावेत. प्लाय आणि एमडीएफच्या कडांवर पाणी साचू देऊ नये. त्यानंतर स्वच्छ पाण्याने दोनदा पुसणे आवश्यक आहे. मागे राहिलेला सोडा नव्या तेलरंगालाही त्याच क्रियेने आतून मऊ करतो. मुठींभोवतीचा हातांचा मेणचट डाग आणि फोडणीच्या बाजूची कड यांना शेवटी टर्पेंटाइनचे फडके लागते. स्वच्छ झाल्याची साधी कसोटी अशी: पृष्ठभागावर पाण्याचा हात फिरवला असता पाणी सलग पसरले पाहिजे. ते थेंबाथेंबांनी गोळा झाले तर तेल अजून आहे. हळदीचे डाग राहिले तर दार दोन-तीन दिवस उन्हात ठेवावे. हळदीचा पिवळा रंग उन्हात टिकत नाही.

धुण्याआधी घासणे ही मोठी चूक. काचकागद तेल काढत नाही, तो ते लाकडाच्या रंध्रांत दाबतो. पूर्ण वाळल्यावर, टवके उडालेल्या जागी १२० नंबरच्या कागदाने जुन्या रंगाच्या कडा उतरत्या कराव्यात आणि बाकीच्या पृष्ठभागाची चमक १८० किंवा २२० नंबरने मारावी (शिशाची शंका असलेला जुना रंग इथेही ओलाच घासावा). घट्ट बसलेला जुना रंग मुळापासून खरवडण्याची गरज नसते. तो नव्या रंगाचा उत्तम पाया असतो. तो कोणत्या जातीचा आहे हे मात्र कळायला हवे. स्पिरिटच्या बोळ्याने वरचे आवरण विरघळू लागले तर ते लाखेचे पॉलिश आहे, थिनरने मऊ पडले तर बहुधा एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर, आणि दोन्हींना दाद देत नसेल तर एनॅमल असण्याची शक्यता जास्त. जुन्या एनॅमलवर तीव्र थिनरचा लॅकर मारला की खालचा रंग फुगून सुरकुततो, आणि मग सगळेच खरवडावे लागते.

खाचा, खिळ्यांची भोके आणि जुन्या मुठींची छिद्रे लांबीने भरायची असतात. इथे एक क्रम पाळला जातो: आधी अस्तराचा एक हात, मग लांबी, मग घासणे, मग पुन्हा अस्तर. कोरड्या लाकडावर थेट भरलेल्या लांबीतले तेल लाकूड शोषून घेते, लांबी ठिसूळ होते आणि पुढे निखळते. लांबी पातळ थरांत भरावी. एकाच वेळी खोल खड्डा भरला तर ती वरून वाळते, आतून ओली राहते आणि नंतर खचते. भिंतीची पांढरी पुट्टी लाकडाला वापरू नये, लाकडाच्या आकुंचन-प्रसरणाबरोबर ती तडकते. एमडीएफच्या कापलेल्या कडा अस्तर अधाशासारखे पितात, तिथे दोन जादा हात द्यावे लागतात. सागवानाचे तपकिरी डाग किंवा जुन्या पॉलिशचा रंग वर येत असेल तर लाखेचे आवरण मध्ये घातले की तो थांबतो.

रंगाची निवड हा विषय लोकांना सर्वांत आवडतो, आणि तो इथे इतक्या उशिरा येण्याचे कारण वरच्या पायऱ्यांत आहे. बाजारात चार घराणी भेटतात. पहिले एनॅमल, ज्याला सगळे ऑइल पेंट म्हणतात. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थांशात तेल आणि कृत्रिम राळ एकत्र करून केलेले अल्किड रंग आले आणि नुसत्या जवसाच्या तेलाचे रंग मागे पडले. १९४२ मध्ये मुंबईत, गिरगावातल्या गायवाडीत सुरू झालेल्या एशियन पेंट्ससारख्या देशी कंपन्यांनी असे रंग लहान डब्यांतून गावोगावच्या दुकानांत पोचवले. एनॅमल स्वस्त आहे, ब्रशच्या रेघा आपोआप मिटवून घेतो, आणि थोडीफार चूक सोसतो. त्याचा दोष पिवळेपणा. पांढरा एनॅमल अंधारात पिवळा पडतो. म्हणून दाराची आतली बाजू बाहेरच्या आधी रंग बदलते, आणि हीच बाजू उजेडात राहिली तर पिवळेपणा बराच उतरतो. स्वयंपाकघरात शुभ्र पांढऱ्याचा हट्ट असेल तर एनॅमल निवडू नये.

दुसरे घराणे पाण्यात मिसळणाऱ्या अ‍ॅक्रिलिक एनॅमलचे. वास कमी, पिवळेपणा नाही, ब्रश पाण्याने धुता येतो. त्याचे वाळणे निराळे असते: पाणी उडून जाते आणि राळेचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून पापुद्रा होतो. पापुद्रा पक्का होईपर्यंत रंगवलेले दार रंगवलेल्या चौकटीला दाबून बसले तर दोन्ही चिकटतात आणि उघडताना साल निघते. हे टाळायला चौकटीवर रबराची किंवा फेल्टची छोटी टिकली लावावी आणि पहिले काही दिवस दारे किलकिली ठेवावीत. घरच्या माणसांनी स्वतः करायच्या कामाला, राहत्या घरात, हा रंग सर्वांत सोयीचा.

तिसरे एनसी लॅकर, ज्याच्या फवाऱ्याच्या कामाला अजूनही ड्युको म्हणतात. ड्यू पाँट या अमेरिकी कंपनीने १९२३ मध्ये हा रंग मोटारींसाठी काढला आणि आठवडे लागणारे मोटारीचे रंगकाम काही दिवसांवर आणले. तो मिनिटांत वाळतो आणि आरशासारखा घासता येतो, पण पाणी, अल्कोहोल आणि उष्णता यांपुढे कमजोर आहे. बैठकीच्या खोलीत त्याला जागा आहे. ओट्यापाशी त्याला बसवणे दिसण्याच्या मोहाने घेतलेला निर्णय ठरतो. चौथे घराणे पॉलियुरेथेनचे, कारागिरांच्या भाषेत पीयू. रंग आणि हार्डनर हे दोन भाग मिसळले की त्यांच्यात रासायनिक क्रिया सुरू होते, आणि ठरावीक तासांत तो वापरून संपवावा लागतो. तेल, वाफ, ओरखडे यांना तो या सर्वांत चांगला तोंड देतो. मात्र त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, आणि त्यांचा फवारा श्वासात गेल्याने कायमचा दमा जडू शकतो. नाकाला बांधलेला रुमाल इथे काहीही कामाचा नाही. मोकळी जागा किंवा हवा खेचून घेणारा फवारणीकक्ष आणि योग्य श्वसनसंरक्षक हवाच. राहत्या स्वयंपाकघरात पीयूची फवारणी कोणी करू देऊ नये. दारे उतरवून कारखान्यात नेणारा कारागीर निवडावा.

चमक किती हवी हाही प्रश्न उरतो. पूर्ण चकाकता रंग सहज पुसता येतो, पण खालची प्रत्येक खाच उघडी पाडतो. मॅट रंग खाच झाकतो, पण तेलाचा डाग धरून ठेवतो आणि घासला की तिथे चकाकतो. जुन्या दारांना मधली, सॅटिन चमक सर्वांत जास्त शोभते आणि पेलते.

लागणाऱ्या रंगाचा अंदाज असा बांधता येतो. १० फूट लांबीच्या ओट्याखाली अडीच फूट आणि वर दोन फूट उंचीची दारे धरली तर एका बाजूचे क्षेत्र ४५ चौरस फूट, दोन्ही बाजूंचे ९०, आणि चौकटींसह सुमारे १००. एक लिटर एनॅमल एका हाताला ढोबळमानाने १०० चौरस फूट पुरतो. म्हणजे दोन हातांना दोन लिटर. अस्तर याशिवाय. एकाच छटेचा सगळा रंग एकदम घ्यावा आणि दोन डबे असतील तर ते एका भांड्यात एकत्र करून घ्यावेत, कारण दुकानात यंत्रावर मिसळलेल्या छटांत डब्याडब्यांत किंचित फरक पडू शकतो.

लावताना हात पातळ ठेवणे हा सगळ्या कौशल्याचा गाभा. जाड हात वरून साय धरतो, आत ओला राहतो, उभ्या कडेवर ओघळतो. नक्षी आणि खोबणी आधी ब्रशने, मग सपाट भाग बारीक फोमच्या रोलरने, आणि शेवटचा ब्रश लाकडाच्या रेषांच्या दिशेने एकदाच, हलका. पहिला हात वाळला की ३२० नंबरच्या कागदाने हलकेच घासून, धूळ ओलसर फडक्याने टिपून दुसरा हात द्यावा. दाराची आतली बाजूही रंगवायलाच हवी. एकच बाजू रंगवलेले दार दोन्हीकडून वेगवेगळ्या वेगाने दमट होते आणि वाकते.

धान्य, पीठ किंवा मीठ जिथे उघडे ठेवले जाते त्या आतल्या फळ्या मात्र रंगवू नयेत. स्वच्छ करून त्यांवर धुता येणारा कागद किंवा प्लास्टिकची चटई घालणे बरे. रंगाचा वास तूप, चहाची पत्ती आणि पीठ फार लवकर धरतात, म्हणून ती कामभर दुसऱ्या खोलीत हलवावीत. टर्पेंटाइन आणि थिनरची वाफ पेटते. काम चालू असताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद असावा, आणि पुष्कळ फ्लॅटमध्ये देव्हारा स्वयंपाकघरातच असतो, तेव्हा निरांजन आणि समई त्या दिवसांत दुसरीकडे लावावी. जवसाच्या तेलाने किंवा ऑइल पेंटने भिजलेली फडकी चुरगाळून टाकली तर वाळताना आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकतात. ती उलगडून बाहेर वाळत घालावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

आपल्याकडे रंगकाम दसरा-दिवाळीच्या मुहूर्ताला बांधलेले असते. भिंतींना ते चालून जाते, कपाटांना त्याचा फटका बसतो. पाऊस नुकताच सरलेला असतो, लाकडात दमटपणा मुरलेला असतो, आणि सणाच्या घाईत दोन हातांमधले अंतर तासांवर येते. कोकणपट्टीत पावसाळ्यात लॅकर लावला तर तो पांढुरका पडतो: थिनर वेगाने उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ पाणी होऊन त्यावर जमते. उलट टोकाला विदर्भाचा मे महिना. तिथे रंग ब्रशखालीच ओढू लागतो आणि जोडाच्या रेघा राहतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ राज्याच्या बहुतेक भागांत सर्वांत अनुकूल असतो. दिवाळीनंतर काम काढावे, हा सल्ला कोणाला आवडत नाही, पण तो योग्य आहे.

वाळणे आणि पिकणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत, आणि त्यांतला गोंधळ चांगल्या कामाची माती करतो. एनॅमल सहा-आठ तासांत हाताला लागेनासा होतो. दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा हात देता येतो. पण पूर्ण कडकपणा यायला तीन-चार आठवडे जातात. अ‍ॅक्रिलिकचेही जवळपास तसेच. या काळात दारे लावता येतात, वापरता येतात, पण सोड्याने किंवा घासणीने पुसायची नाहीत आणि रंगवलेल्या फळीवर जड डबे सरकवायचे नाहीत. शक्य असेल तर दारे चार-पाच दिवस उतरवलेलीच ठेवून उघड्या कप्प्यांनिशी स्वयंपाक करावा. त्यात होणारी गैरसोय पुढच्या कित्येक वर्षांत वसूल होते.

बिजागऱ्या परत लावताना गंजलेल्या बदलाव्यात. जुन्या छिद्रांत स्क्रू फिरत असेल तर काडी आणि फेव्हिकॉल भरून, वाळल्यावर नव्याने भोक पाडावे. मुठी बदलायच्या असतील तर आधीच्या दोन छिद्रांमधले अंतर मोजूनच खरेदी करावी, नाहीतर नवी भोके आणि त्यांवरची लांबी रंगलेल्या दारावर उमटते. रोजची देखभाल साधी आहे: कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ फडके, आणि तेल ताजे असतानाच पुसणे. शेगडीजवळची दारे आठवड्यातून एकदा, बाकीची महिन्यातून. टवका उडाला तर त्याच आठवड्यात तेवढी जागा घासून रंगाचा ठिपका द्यावा, कारण उघड्या कडेतून पाणी शिरले की शेजारचा रंगही फुगतो. त्यासाठी उरलेला रंग काचेच्या लहान बरणीत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून ठेवतात. बरणीवर कंपनी, छटेचा क्रमांक आणि महिना लिहितात. उरलेले थिनर मोरीत ओतू नये. ते बाटलीत निवळत ठेवले की रंग तळाशी बसतो आणि वरचे स्वच्छ थिनर पुढच्या वेळी ब्रश धुवायला वापरता येते.